जिवंत कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण: रुईच्या झुडपापासून सुरुवात

पावसाळा सरत आला की रस्त्याकडेच्या रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटीने बसलेला दिसतो. जेमतेम दोन मिलिमीटरचा हा कीटक नुसत्या डोळ्यांना हळदीची पूड भुरभुरल्यासारखा भासतो. मॅक्रो लेन्समधून मात्र त्याचे काळे पाय, पाठीच्या टोकाशी असलेल्या दोन काळ्या नळ्या, देठात खुपसलेली सोंड आणि त्या दाटीतच पिल्लाला जन्म देणारी एखादी मादी, असे सगळे उलगडत जाते. जरा वेळ थांबले तर चित्रांग भुंगेऱ्याची, म्हणजे लेडीबर्डची, काटेरी अळी त्या कळपात शिरून एकेक मावा खाताना दिसते. हे दृश्य टिपायला जंगलात जावे लागत नाही. लागते ती थोडी साधने, प्रकाशाची नीट समज आणि कीटकाला न बिथरवता त्याच्याजवळ पोचण्याची सवय.

कॅमेरा हाताळता येतो, पण कीटकांचे फोटो हलतात, पार्श्वभूमी काळीकुट्ट येते, भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा झगझगीत ठिपका उमटतो किंवा फोकस जुळेपर्यंत कीटक उडून जातो, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. येथे सांगितलेली प्रत्येक पद्धत जिवंत, मोकळ्या आणि आपल्या जागी असलेल्या कीटकासाठी आहे. कीटक पकडून फ्रीजमध्ये गारठवणे किंवा त्याला चिकटवून ठेवणे या युक्त्या काही ठिकाणी सुचवल्या जातात. त्या क्रूर आहेत, आणि छायाचित्रणाच्या दृष्टीनेही वाईट आहेत, कारण गारठलेल्या कीटकाचे पाय आखडतात, मिशा खाली पडतात, अंगावर बाष्प जमते आणि जाणकाराला ते पहिल्याच नजरेत कळते.

आधी थोडे गणित

मॅक्रोमध्ये सर्वांत जास्त बोलले जाणारे परिमाण म्हणजे विवर्धन. १:१ म्हणजे कीटक जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडणे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे १:१ ला दहा मिलिमीटरचा मुंगळा चौकटीच्या रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग व्यापतो. दोन मिलिमीटरचा मावा त्याच चौकटीत ठिपक्याएवढा राहतो, त्याला २:१ किंवा त्याहून अधिक विवर्धन हवे. उलट महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले निलवंत तळहाताहून मोठे असते, त्याला १:१ ची गरजच नसते. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी आपण काय टिपायला निघालो आहोत, ते ठरवावे.

विवर्धन वाढले की फोकसमध्ये येणारी जाडी, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, झपाट्याने कमी होते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/८ ठेवले तर ही जाडी एक मिलिमीटरच्या आतच भरते. २:१ ला त्याच एफ/८ वर ती एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास येते. नाकतोड्याचा डोळा स्पष्ट आला की त्याची मागची तंगडी धूसर होणारच; हा आपल्या हाताचा दोष नाही, तो प्रकाशशास्त्राचा नियम आहे.

मग ॲपर्चर एफ/२२ का ठेवू नये? येथे दुसरा नियम आडवा येतो. १:१ ला ॲपर्चरचा प्रत्यक्ष आकडा लिहिलेल्या आकड्याच्या दुप्पट होतो: एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखे. प्रकाश दोन स्टॉपनी घटतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळे चित्रच मऊ पडते. फोकसची जाडी वाढते, पण केसांची आणि डोळ्यांच्या षट्कोनांची धार जाते. माझ्या अनुभवात १:१ ला एफ/८ ते एफ/११ आणि २:१ ला एफ/५.६ ते एफ/८ हा पट्टा सोडू नये.

साधने: आहे त्यातून सुरुवात

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स ही कीटकांसाठी सर्वांत सोयीची. तिच्यावर किमान फोकस अंतर साधारण ३० सेंटिमीटर लिहिलेले असते, पण ते सेन्सरपासून मोजलेले असते. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की कीटकासमोर १३ ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा उरते. ५० किंवा ६० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्समध्ये ही जागा बरीच कमी होते. फुलावरच्या सुस्त भुंग्याला ती पुरते. चतुर किंवा फुलपाखरू तेवढे जवळ येऊ देत नाही.

नवी लेन्स घेणे शक्य नसेल तर तीन स्वस्त मार्ग आहेत. पहिला एक्स्टेन्शन ट्यूबचा. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या या पोकळ नळ्या असतात. त्यांत काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा फारसा घसरत नाही. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी हे सोपे सूत्र लक्षात ठेवावे: ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली तर विवर्धनात अर्ध्या पटीची भर पडते. ट्यूब घेताना ॲपर्चर कॅमेऱ्यातून चालवता येईल अशा विद्युत संपर्काच्याच घ्याव्यात, नुसत्या धातूच्या घेऊन पुढे पस्तावायला होते.

दुसरा मार्ग लेन्सच्या पुढे लावायच्या क्लोजअप भिंगाचा. रेनॉक्स डीसीआर २५० हे आठ डायॉप्टर शक्तीचे जपानी भिंग मॅक्रो लेन्सवर चिमट्यासारखे बसते आणि क्षणात काढता येते. १:१ च्या लेन्सवर ते लावले की माव्यापर्यंत पोचता येते. मोकळे अंतर मात्र कमी होते.

तिसरा मार्ग लेन्स उलटी बसवण्याचा. जुन्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला रिव्हर्स रिंग लावून ती उलटी जोडली तर जवळपास १:१ मिळते. २८ मिलिमीटरची लेन्स उलटी लावली तर विवर्धन दुपटीच्याही पुढे जाते. कीटक लेन्सपासून चार-पाच सेंटिमीटरवर यावा लागतो आणि ॲपर्चर हाताने फिरवावे लागते, म्हणून ॲपर्चरचे कडे असलेली जुनी लेन्सच निवडावी. लेन्सचा मागचा भाग उघडा राहत असल्याने पावसात हा प्रकार टाळावा.

मोबाइलवरही सुरुवात करता येते. अनेक फोनमधला मॅक्रो मोड अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतो आणि दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो, तेव्हा फोनचीच सावली कीटकावर पडते. मुख्य कॅमेऱ्यावर क्लिपने लावायचे चांगले भिंग त्याहून बरे.

प्रकाश: सगळा फरक येथे पडतो

ढगाळ दिवशी झाडीत १:१ ला एफ/११ ठेवले, तर लेन्स प्रत्यक्षात एफ/२२ सारखी वागते. आयएसओ २०० ला अशा उजेडात पाव सेकंदाच्या आसपास एक्स्पोजर लागते. पाव सेकंदात वाऱ्याने पान हलते, आपला हात हलतो आणि मुंगी तर चौकटीबाहेर निघून जाते. म्हणून चालत्या-फिरत्या कीटकांसाठी फ्लॅश आवश्यकच आहे. फ्लॅश कमी शक्तीवर, म्हणजे १/१६ वर चालवला तर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा अल्पकाळ टिकतो. चित्र त्या झोतात नोंदले जाते आणि हालचाल गोठते. त्या क्षणी शटर स्पीड किती आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही.

सुरुवातीची मांडणी अशी ठेवावी: कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/२००, ॲपर्चर एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलमध्ये १/८ किंवा १/१६ वर. पहिला फोटो एखाद्या पानाचा घेऊन फ्लॅशची शक्ती कमी-जास्त करावी. कीटक कायम त्याच अंतरावर असणार, त्यामुळे एकदा बसलेले माप दिवसभर फारसे बदलत नाही.

नुसता फ्लॅश मात्र कठोर असतो. कीटकांचे कवच चकचकीत असते. त्यावर फ्लॅशचा छोटा चौकोन जसाच्या तसा उमटतो आणि त्याखालचा रंग व पोत नाहीसा होतो. उपाय एकच: प्रकाशाचा उगम कीटकाच्या मानाने मोठा करणे आणि तो शक्य तितका जवळ आणणे. त्यासाठी डिफ्युझर लागतो, आणि तो घरी करता येतो. पैसे कमी असले तर ते लेन्सवर घालण्याआधी एक दिवस चांगला डिफ्युझर करण्यात घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

कृती अशी. आधी लेन्स १:१ वर ठेवून ज्या अंतरावर फोकस जुळतो ते अंतर लेन्सच्या टोकापासून पट्टीने मोजून घ्यावे. मग पातळ पुठ्ठ्याचे, फ्लॅशच्या तोंडापासून सुरू होऊन पुढे रुंद होत जाणारे आणि लेन्सच्या वरून पुढे झुकणारे नाळके करावे. त्याच्या आतल्या बाजूला चुरगाळून पुन्हा सपाट केलेला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवावा. फ्लॅशच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरचा किंवा बटर पेपरचा एक थर लावावा. नाळक्याच्या पुढच्या तोंडावर, पहिल्या थरापासून किमान पाच-सहा सेंटिमीटर दूर, दुसरा थर लावावा. त्यासाठी नव्या वस्तूंच्या खोक्यात गुंडाळलेला असतो तो पातळ पांढरा फोमचा कागद उत्तम. दोन थरांमधली ही पोकळी गाळू नये, प्रकाश तेथेच पसरतो. दुसरा थर सपाट न ठेवता कमानीसारखा वाकवावा आणि त्याची खालची कड कीटकाच्या जागेच्या अगदी वर येईल, पण चौकटीत दिसणार नाही, इतकी पुढे आणावी.

डिफ्युझर जमला की नाही हे तपासायला कीटक शोधत हिंडू नये. मंगळसूत्रातला असतो तसा एक काळा मणी घेऊन तो पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि १:१ ला त्याचा फोटो काढावा. मण्यावरची चकाकी लहान, तीव्र आणि कडेने कापल्यासारखी असेल, तर प्रकाश अजून कठोर आहे. ती चकाकी मोठी, दुधाळ आणि कडेला विरत जाणारी दिसली, तर भुंगेऱ्याची पाठही तशीच दिसेल. चकाकीच्या मधोमध जास्त तेजस्वी डाग असेल, तर आतला थर दुहेरी करावा. मी प्रत्येक बदलानंतर हाच मणी टिपतो, कारण जुन्या आणि नव्या फोटोंची तुलना करायला त्याहून स्थिर वस्तू सापडलेली नाही.

काळ्या पार्श्वभूमीची तक्रारही येथेच सुटते. फ्लॅशचा उजेड कीटकापर्यंत पोचतो, मागे दोन फुटांवर असलेल्या झाडीपर्यंत पोचत नाही. मागे एखादे पान वीतभर अंतरावर येईल असा कोन निवडला तर ते पान उजळते आणि हिरवी पार्श्वभूमी मिळते. असे पान नसेल तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवून आणि फ्लॅशची शक्ती तेवढी कमी करून आजूबाजूचा नैसर्गिक उजेड चित्रात शिरू द्यावा.

कुठे आणि केव्हा शोधावे

कीटकांच्या शरीराचे तापमान बव्हंशी भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. पहाटे गारव्यात त्यांचे उडण्याचे स्नायू तयार नसतात, त्यामुळे ऊन अंगावर पडेपर्यंत टाचण्या (चतुराचे सडपातळ भाईबंद, डॅमसेलफ्लाय), चतुर आणि फुलपाखरे गवताच्या काड्यांवर निश्चल बसलेली मिळतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दव पडू लागले की हा काळ सर्वांत समृद्ध. मात्र विविधता पाहायची तर जून ते सप्टेंबरला तोड नाही, आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आंबोलीसारख्या ठिकाणी, त्या चार महिन्यांत एका झाडापाशीच दिवस सरतो.

शोध कीटकाचा न घेता झाडाचा घ्यावा. कढीपत्ता आणि लिंबू यांवर स्वॅलोटेल गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या मिळतात. त्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर हिरव्या होतात. पानफुटीच्या जाड पानांच्या आत रेड पिएरो फुलपाखराची अळी पोखरत असते. आंब्याच्या पानांना शिवून केलेली घरटी विणकर मुंग्यांची. आणि रुई तर अख्खी वसाहतच आहे: मावा, त्यावर जगणारे भुंगेरे, पिवळ्या आणि निळसर पट्ट्यांचा रुईचा टोळ, बिबळ्या कडवा फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी. पाच किलोमीटर पायपीट करण्यापेक्षा एका रुईपाशी तासभर बसणे जास्त फळते, हे मी नवशिक्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

जवळ जाणे

कीटकांच्या संयुक्त डोळ्यांना बारकावे फारसे दिसत नाहीत, पण हालचाल फार चटकन कळते, आणि चतुराला तर जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. म्हणून हळू जाणे हे लपून जाण्यापेक्षा महत्त्वाचे. सर्वप्रथम सूर्य कोठे आहे ते पाहावे आणि आपली सावली कीटकावर पडणार नाही अशी बाजू निवडावी. कीटकाच्या उंचीला येईपर्यंत दूर असतानाच खाली बसावे, जवळ जाऊन वाकू नये. कॅमेरा आधीच चेहऱ्याशी आणावा. अगदी शेवटी हात वर करण्याची हालचालच बहुतेक वेळा घात करते. ज्या काडीवर कीटक आहे तिला स्पर्श करणारे गवत गुडघ्याखाली येत नाही ना, हेही पाहावे, कारण कंपने त्या गवतातूनच पोचतात.

मग एक फोटो चार फुटांवरून, एक दोन फुटांवरून, असे करत पुढे सरकावे. पहिले फोटो ओळख पटवण्याच्या कामी येतात आणि तोवर कीटकाला फ्लॅशची सवय होते. प्रत्येक थांब्यावर तो काय सांगतो आहे ते वाचावे. टाचणी काडीच्या मागे सरकून लपली, नाकतोड्याने मागचे पाय अंगाशी घट्ट ओढले, फुलपाखराने चरणे थांबवले, तर आपण मर्यादेवर आहोत. अशा वेळी तसेच पुढे न रेटता वीतभर मागे यावे आणि मिनिटभर थांबावे. बहुतेकदा कीटक पुन्हा आपल्या कामाला लागतो.

चतूर आणि दरोडेखोर माश्या, म्हणजे रॉबर फ्लाय, उडून गेल्या तरी पुन्हा त्याच टोकावर परत येतात. त्यांचा पाठलाग करू नये. जागा हेरून तिच्यापासून हातभर अंतरावर बसावे, फोकस त्या टोकावर आधीच जुळवावा आणि वाट पाहावी. रॉबर फ्लायने माशी किंवा मधमाशी पकडून आणली की ती खाण्यात दंग होते, आणि तेव्हा लेन्स एरवीपेक्षा खूप जवळ नेऊ देते.

फोकस: कॅमेरा स्थिर नव्हे, शरीर स्थिर

१:१ च्या आसपास ऑटोफोकस पुढे-मागे धावत राहतो, म्हणून तो बंद करावा. लेन्सवर हवे ते विवर्धन ठरवून घ्यावे आणि फोकसच्या कड्याला पुन्हा हात लावू नये. फोकस जुळवायचा तो संपूर्ण कॅमेरा मिलिमीटरभर पुढे-मागे नेऊन. कोपरे बरगड्यांना किंवा गुडघ्यांना टेकवावीत, श्वास अर्धा सोडून थांबवावा, डोळा धारदार होताच शटर दाबावे. एका फोटोवर विसंबू नये. पुढे झुकत जाताना तीन-चार फोटो काढले तर त्यांतला एक नेमका बसतो.

एक पद्धत फार उपयोगी आहे. कीटक शांत असेल तर तो ज्या काडीवर आहे तिचा खालचा भाग डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने हलकेच धरावा आणि लेन्सचे टोक त्याच हातावर टेकवावे. आता वारा आला तरी काडी, हात आणि लेन्स एकत्रच हलतात आणि त्यांच्यातले अंतर कायम राहते. काडी धरताना ती पूर्वी जेथे होती तेथेच राहिली पाहिजे, उन्हाकडे ओढून आणायची नाही. काटेरी किंवा केसाळ अळ्या आणि गांधीलमाश्या असतील तेथे मात्र हा प्रयोग करू नये.

फोकसची जाडी इतकी कमी असल्याने ती कोठे खर्च करायची, हे ठरवावे लागते. सेन्सरची पातळी आणि कीटकाच्या शरीराची पातळी समांतर केली तर टाचणीचे डोळ्यापासून शेपटापर्यंतचे अंग एकाच फोटोत स्पष्ट येते. दोन अंशांचा तिरकेपणाही शेपूट धूसर करतो. समोरून चेहरा टिपताना सगळी धार डोळ्यांना द्यावी. डोळे धूसर आणि पाठ स्पष्ट, असा फोटो ठेवून उपयोग नाही.

दवातली टाचणी: एक सकाळ पायरीपायरीने

तळ्याकाठच्या गवतात, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. टॉर्च गवतावर तिरपा धरून पाहिले की दवाने लगडलेली टाचणी काचेच्या मण्यांच्या माळेसारखी चमकते. ती सापडली की लगेच ट्रायपॉड न रोवता तिच्या मागे काय आहे ते पाहावे. चार-पाच फूट मोकळी जागा असेल तर पार्श्वभूमी रेशमी येते. ट्रायपॉडचे पाय काडीपासून दूर, हळूच टेकवावेत, नाहीतर जमिनीच्या धक्क्याने दवाचे थेंब गळतात.

येथे फ्लॅश नको. एफ/८, आयएसओ २००, दोन सेकंदांचा टायमर, आणि उजाडू लागल्यावर साधारण पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाचे एक्स्पोजर. वारा येत असेल त्या बाजूला उघडी छत्री आडवी ठेवली तर गवत बरेच स्थिर होते. टाचणी निश्चल असल्याने येथे फोकस स्टॅकिंग करता येते: सर्वांत पुढे असलेल्या डोळ्याच्या बाजूने सुरुवात करून, फोकस प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकवत, दहा-पंधरा फोटो घ्यायचे आणि नंतर हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांतले धारदार भाग एकत्र करायचे. पहिला फोटो डोळ्याच्या थोडा अलीकडे घ्यावा. सुरुवातच डोळ्यावर केली तर डोळ्याचा पुढचा उंचवटा हमखास सुटतो. टाचणीने मधेच पुढचा पाय उचलून डोळ्यावरचे दव पुसायला घेतले की स्टॅक फसतो. तेव्हा हळहळ न करता एकच फोटो नीट घ्यावा, कारण तो क्षण स्टॅकपेक्षा मोलाचा आहे. स्प्रेने पाणी मारून दव तयार करू नये. गार कीटकावर पाणी मारल्याने त्याला पुन्हा तापायला वेळ लागतो, आणि तोवर तो पक्ष्यांच्या तोंडी सापडू शकतो.

विणकर मुंग्या

ही सर्वस्वी उलट परिस्थिती. मुंगी थांबत नाही, म्हणून तिच्यामागे लेन्स फिरवण्यात अर्थ नाही. फांदीवरची त्यांची वाट शोधून, एका पानाच्या देठावर फोकस ठेवून, फ्लॅशसह थांबावे. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थबकून मिशा लावतात, त्या क्षणाला शटर दाबावे. घरट्याला किंवा त्या फांदीला हात लावू नये. मुंग्या सैरभैर होतात, हातावर चढतात, कडकडून चावतात आणि त्यानंतर त्यांचे नेहमीचे वागणे तासभर पाहायला मिळत नाही.

रात्र, पाऊस आणि सुरक्षितता

रात्री पतंगांसाठी पांढरे कापड ताणून त्यामागे दिवा लावतात. पतंग कापडावर असतानाच टिपण्याऐवजी शेजारच्या खोडावर किंवा पानावर उतरलेले टिपावेत. चित्र अधिक खरे दिसते. दिवा रात्रभर ठेवू नये, दोन-तीन तासांनी बंद करावा, म्हणजे पतंग आपापल्या वाटेला लागतात. जंगलात असे काही करायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली काही फुलपाखरांना आणि इतर कीटकांनाही संरक्षण आहे, त्यांना पकडणे गुन्हा ठरतो.

मॅक्रो टिपणारा माणूस जमिनीकडे बघतो आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात त्याचे लक्ष फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये असते. कोकणात फुरसे आणि सगळीकडेच घोणस पालापाचोळ्यात बेमालूम मिसळून जातात. गुडघा टेकवण्यापूर्वी ती जागा टॉर्चने आणि काठीने पाहावी, गमबूट घालावेत आणि रात्री एकट्याने जाऊ नये. झुडपात डोके घालण्याआधी खांद्याच्या उंचीला गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हेही पाहावे.

वातानुकूलित गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. तो पिशवीतच वीस-पंचवीस मिनिटे राहू द्यावा. घरी आल्यावर लेन्स पुसून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. पावसाळ्यात कपाटात तशीच ठेवलेली लेन्स बुरशीला बळी पडते, आणि काचेच्या आत शिरलेली बुरशी सहसा पूर्ण निघत नाही.

फोटो घरी आल्यावर

संस्करण कमीत कमी ठेवावे. रॉ फाइलमध्ये आधी अतिउजळ भाग थोडे दाबावेत, मग सावल्या किंचित उघडाव्यात आणि धार फक्त डोळे व केस यांच्यावर वाढवावी. पार्श्वभूमीची धार वाढवली की नुसता दाणेदारपणा येतो. कापताना मिशांची टोके चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत.

ओळख पटवायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. वरून, बाजूने, चेहऱ्याचा, फुलपाखराच्या बाबतीत पंखांच्या खालच्या बाजूचा, आणि तो ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा फोटो, एवढे त्याच वेळी घेऊन ठेवावेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ते तारीख आणि ठिकाणासह टाकले तर जाणकार मंडळी ओळख सुचवतात. नोंद करताना नुसते 'मावा' असे न लिहिता रुईच्या शेंड्यावर की पानाच्या खालच्या बाजूला, सोबत मुंग्या होत्या का, भुंगेऱ्याची अळी किती वेळात किती मावा खाऊन गेली, हेही लिहावे. आठवड्याने त्याच शेंड्यापाशी गेलात तर कधी मावा जवळपास संपलेला असतो आणि शेजारच्या पानाखाली त्या अळीचा कोष चिकटलेला मिळतो. तो टिपायला १:१ पुरते, आणि कोष हलत नसल्याने डिफ्युझरचे नवे प्रयोगही त्याच्यावर निवांत करता येतात.